बिनमालकाची गाय

ता. ४, मंगळवार

हात माझा मोडला, पाय नर्सबाईचा मोडला, आणि चौकशी नर्सबाईचीच. गाय मोकळी. गाईचा मालक त्याहून मोकळा. रस्त्याच्या मधोमध जनावर पसरून बसलं होतं, आम्ही दोघी त्याच्यावर आपटलो, आणि कागदावर काय लिहिलं, तर 'चालकाचा तोल गेला'. कशाने गेला ते लिहायच्या वेळी पेनातली शाई संपली असणार.

आता नमस्कार. सून म्हणाली, रोजनिशीची सुरुवात भांडणाने करू नका, आधी काहीतरी बरं लिहा. लिहिलं. झालं समाधान.

मी लेखिका वगैरे नाही. तिसरी पास आहे, चौथीत नुसती बसले होते. डॉक्टर म्हणाले, प्लास्टरमधून बोटं बाहेर आहेत ती हलती ठेवा, नाहीतर आखडतील. दाबायला रबरी चेंडू दिला. चेंडू दाबत बसायला मी काय पाळण्यातलं पोर आहे? त्यापेक्षा लिहिते म्हटलं. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आलंय, पण वाचणार कोण आहे.

झालं ते एकदा सरळ लिहून ठेवते. गेल्या आठवड्यात डोळे तपासायला गेले होते. डोळ्यांत औषध घातलं, त्याने सगळं जग दुधात बुडवल्यासारखं झालं. बस चुकली. दवाखान्यातली नर्सबाई फिरतीवर निघाली होती. स्कूटर सरकारी, तिच्यावर दुसऱ्याला बसवायचं नाही असा नियम. तरी ती म्हणाली, "बसा आजी, तुम्हाला इथे सोडून गेले तर रात्रभर तुमच्या शिव्या लागतील मला." बसले. मोरीपुढच्या वळणावर ती एवढंच म्हणाली, "अरे ही—" आणि मग माझा गाल डांबरावर होता.

डांबर गरम होतं. म्हणून तर गुरं तिथे बसतात. सगळीकडे चिखल, रस्ता तेवढा कोरडा. खालून पोट शेकतं आणि गाड्यांच्या वाऱ्याने माश्या बसत नाहीत. जनावराचं काही चुकत नाही.

पहिला पोहोचला तो माझा पोरगा. आमचा गोठा रस्त्यापलीकडेच आहे, आवाज ऐकून पळत आला. मला उचललं, दवाखान्यात नेलं, पलंगावर बसवलं, "आलोच" म्हणून गेला तो चांगला उशिरा आला. बाहीवर रक्त होतं. माझं तर कातडंही फाटलं नव्हतं. नर्सबाईचं असेल. पोरगा मनाने हळवा आहे, तिच्याजवळ थांबला असणार.

ता. ५, बुधवार

घरोघर फिरून आले. हात गळ्यात अडकवलेला, त्यामुळे सगळ्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा दिला. गाय कोणीच पत्करली नाही. "आमची नाही हो मावशी, आमच्या सगळ्या दावणीला आहेत." एकीच्या दावणीला नुसतं दावं लोंबत होतं. गाय कुठे विचारलं तर म्हणाली, चरायला. कुठे चरायला? तर तिने हायवेकडे हनुवटी केली.

इथली रीतच झालीय ही. गाय दूध देते तोवर घरची. आटली की सकाळी दावं सोडायचं, पाठीवर थाप मारायची आणि रस्त्याकडे तोंड करून द्यायचं. संध्याकाळी परत आली तर आली. विकलं म्हणायचं नाही, टाकलं तर अजिबात म्हणायचं नाही. 'मोकळी ठेवलीय' म्हणायचं. आणि त्या गाईने कोणाला पाडलं की ती कोणाचीच नसते. तीच गाय ट्रकखाली मेली असती, तर रडायला दहा मालक आले असते.

शेवटी कुंपणवाल्याकडे गेले. आमच्या गोठ्याला लागून त्याचं रान आहे. आमच्या बांधावर हातभर आत काटेरी तार ओढली त्याने, तेव्हापासून त्याला दुसरं नाव मी वापरत नाही. फाटकात उभा राहून दात कोरत होता.

"काकू, माझ्या गाईंच्या कानात सरकारी नंबराचे बिल्ले आहेत. मोजून घ्या."

"तूच मोज. तार ओढताना तुझी मोजणी पाहिलीय मी."

हसला. मग म्हणाला, "शोधायचंच असेल तर एवढ्या लांबून सुरुवात करू नका."

म्हणजे काय ते सांगितलं नाही. पोटात काही दडवलं असलं की माणूस असाच कोड्यात बोलतो. मी मनाशी पक्कं केलं. गाय ह्याचीच.

ता. ७, शुक्रवार

नर्सबाईला भेटले. तिच्या पायात सळई घातलीय आणि पाय वर टांगलाय. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते, तिकडे बघत पडली होती. एरवी ही बाई उभ्या उभ्या जेवते.

"पंचवीस तारखेच्या मंगळवारी साहेब चौकशीला येणार," म्हणाली. "इथेच, पलंगाशी. सरकारी गाडीवर बाहेरचं माणूस का बसवलं, ते एक. आणि गाय होती कशावरून, ते दुसरं. पहिल्याला मी हो म्हणणार आहे. दुसऱ्याचं काय करू?"

"मी आहे ना साक्षीला."

"आजी, तुमच्या डोळ्यांत औषध होतं."

"कपाळात नव्हतं. शिंग कपाळाला लागलं माझ्या."

ती हसली आणि हसल्याने पाय दुखला, म्हणून मला ओरडली. मग म्हणाली, "गाय सापडली नाही तर मी बेफिकीर ठरते. घरी बसवतील. कामात चूक झाली म्हणून बसवलं असतं तर मी मान खाली घातली असती. पण मी पाहिलं तिला. ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही मीच तिच्या घरात घुसले."

मी शब्द दिला. गाय आणि गाईचा मालक, दोघांना साहेबांपुढे उभं करते. म्हणाली, "आजी, एका हाताने?" म्हटलं, तुझ्या एका पायाने झालं तर माझ्या एका हाताने का नाही.

घरी येऊन बसवेना. भांडी पुसली, पुसलेली परत पुसली. सून म्हणाली, आई, त्या ताटाचा रंग जाईल.

ता. ८, शनिवार

पंचायतीच्या ऑफिसात गेले. कारकून म्हणाला, "आजी, मोकाट जनावरांसाठी आपल्याकडे तरतूद नाही."

"मागच्या खोलीत तू मोडक्या खुर्च्या कोंबल्यास, ती खोली काय आहे?"

"स्टोअर."

"कोंडवाडा आहे तो. तुझ्या जन्माआधीपासून."

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मग उभ्या उभ्या सांगावं लागलं. मी लग्न होऊन आले तेव्हा हा रस्ता खडीचा होता. कळप निघाला की बसचा ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरायचा, बिडी ओढायचा, गुराख्याला घरची खुशाली विचारायचा. मग डांबर आलं. पहिला बैल ट्रकखाली गेला त्या दिवशी ट्रकवाला डोकं धरून कडेला बसला होता आणि बैलाचा मालक त्याच्या शेजारी. दोघांनाही कळेना कोणी कोणाची समजूत घालायची. त्यानंतर कोंडवाडा बांधला. रस्त्यावर दिसलेलं जनावर आत घालायचं. मालकाने सगळ्यांदेखत मान खाली घालून सोडवून न्यायचं. तेवढी लाज पुरायची.

मग रस्ता रुंद झाला, परत रुंद झाला, मधोमध दुभाजक आला. घरं ह्या बाजूला, रानं त्या बाजूला. गुरांना जायला खालून बोगदा दिला, त्यात बारा महिने पाणी. बेडूक तेवढे सुखाने ये-जा करतात. आणि कोंडवाडा बंद पडला, कारण मालक सोडवायलाच येईनात. आधी रस्ता गुरांचा होता आणि गाड्या पाहुण्या. मग दोघांचा झाला. आता गाड्यांचा आहे, आणि हे गुरांना कोणी सांगितलेलंच नाही.

कारकून कंटाळला आणि किल्ली दिली.

ता. ११, मंगळवार

खुर्च्या कारकुनाच्या टेबलाभोवती रचून दिल्या. खोली झाडली, पुढच्या अंगणाची भिंत दोन गड्यांकडून लिंपून घेतली, पाण्याचं पिंप ठेवलं. रस्त्यावर झेंडी घेऊन उभा राहणारा एक माणूस आहे, रस्त्याच्या कंपनीचा. त्याला सांगितलं, बसलेली गुरं इकडे हाकल. तो खूश. म्हणाला, "आजी, मी दिवसभर त्यांना इकडून उठवतो, ती तिकडे बसतात. झेंडीला गाय भीत नाही हे वरच्यांना कोण सांगणार?"

दुपारपर्यंत चार गाई आल्या. संध्याकाळी मालक आले, तेही तावातावाने.

"माझी गाय कोंडली कोणी?"

"तुझी आहे होय? परवा तुझ्या सगळ्या दावणीला होत्या."

असं चार वेळा. चौघांनी मान खाली घातली नाही, पण आवाज खाली घातला. चौघींच्याही अंगावर कुठे खरचटलेलं नव्हतं. ह्यांतली नव्हे.

जेवताना पोरगा म्हणाला, "आई, कशाला हा उपद्व्याप? लोक माझ्याशी बोलेनासे झालेत. हात तरी बरा होऊ दे."

माझी काळजी करतो. म्हटलं, हात बसल्या जागी बरा होतोय, मी बसल्या जागी आजारी पडेन.

ता. १४, शुक्रवार

सापडली.

झेंडीवाल्याने आणली. पांढरी, मानेवर तांबूस डाग, बरगड्या वर आलेल्या. चालून चालून दमलेली दिसली. उजव्या शिंगावर निळा रंग घासलेला. नर्सबाईची स्कूटर निळी. मागच्या पुठ्ठ्यावर जखम सुकत आलेली. डावा कान मात्र बघवेना. बिल्ल्याच्या जागी भोक नाही, सरळ तुकडाच काढलेला. तारेत अडकून फाटलं असतं तर कडा वेड्यावाकड्या असत्या. हे कोणीतरी पात्याने केलंय.

कुठे मिळाली विचारलं, तर म्हणाला, तुमच्या गोठ्यासमोर, दुभाजकाला टेकून बसली होती. उठवली की परत तिथेच यायची. बघा लोकांची हिंमत. आपली ब्याद दुसऱ्याच्या दारासमोर आणून सोडायची. आमच्या फाटकापासून कुंपणवाल्याचं फाटक असं किती लांब आहे?

रात्रीच्या जेवणाला पोराला बातमी दिली. तो हात धुऊन उठला. म्हणाला, भूक नाही. दमतो बिचारा. गोठ्यात कामाला माणूस टिकत नाही.

मी त्याला म्हटलं, तुझ्या ओळखीची आहे का बघ जरा येऊन, तू दहा गोठे फिरतोस. म्हणाला, बघतो. आला नाही.

ता. १७, सोमवार

तीन दिवस झाले, गाईला मालक नाही. गावातून सगळे बघून गेले. कोणी शेपटीकडून पाहिलं, कोणी शिंगाकडून. बघताना सगळे गाईकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते. एकाने विचारलंसुद्धा, "आजी, तुम्हाला खरंच ओळखू येत नाही?" म्हटलं, ओळखली असती तर तुझ्याकडे आले असते का?

आमच्या नव्या गोठ्यात मी जात नाही. आत जायचं तर रबरी बूट घालून औषधाच्या पाण्यात पाय बुडवावे लागतात. ह्या वयात मी बूट घालणार नाही, असं गोठा बांधला त्याच दिवशी सांगून टाकलं. पंचवीसेक गाई आहेत, सगळ्यांना नंबर. माझ्या वेळी तीन होत्या, तिघींना नावं होती आणि तिघींचे स्वभाव वाईट. पण लांबून शिंग बघून सांगायचे कोण आहे ते.

सुनेचं मात्र नवल वाटलं. आज पेंड भिजवून घेऊन आली कोंडवाड्यात. घरी माझा चहा विसरते, आणि भटक्या गाईसाठी पेंड. गाय तिला बघून उठली, तिचं कोपर चाटायला लागली. सून एकदम मागे सरली आणि पदराने डोळे पुसले. म्हटलं, काय झालं? म्हणाली, पेंडीचा भुरका गेला डोळ्यात.

भिजवलेल्या पेंडीचा.

तिथेच खाली बसून गाईची खुरं पाहिली. सारखी, मशीनने तासलेली. असा मशीनवाला बोलावणारे इथे दोनच. एक आम्ही आणि दुसरा कुंपणवाला. आता काय राहिलं?

ता. १८, मंगळवार

पोरगा सकाळीच म्हणाला, "आई, त्या गाईचं काय करायचं ठरवलंस? माझ्या ओळखीचा एक जण आहे लांब. मोठं रान आहे त्याचं. मी टेम्पोने पोचवून येतो. जनावराचेही हाल संपतील, तुझेही."

किती समजूतदार. मी हो म्हणणारच होते. पण मग साहेबांपुढे काय उभं करू, शेण?

"चौकशी झाली की ने," म्हटलं.

"आई, तुला त्या दिवशी नीट दिसलं नव्हतं. साहेबांनी उलटसुलट विचारलं तर तुझंच हसं होईल. मला तुझं हसं झालेलं बघवायचं नाही."

माझ्या हशाची काळजी आयुष्यात पहिल्यांदाच केली कोणी. दिवसभर ते डोक्यात फिरत राहिलं. बरं वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही. चप्पल घालून तीन वेळा दारापर्यंत गेले आणि कशाला आले होते ते विसरून परत फिरले.

ता. २०, गुरुवार

सुचलं. इतके दिवस का सुचलं नाही, कारण मधे हा रस्ता आहे.

पूर्वी कोंडवाड्यात बिनमालकाचं जनावर राहिलं की काय करायचे? दार उघडायचे आणि मागे मागे चालायचे. जनावर जिथे जाऊन गव्हाणीत तोंड घालेल तो मालक. गाय काही तोंड बघून बोलत नाही. हल्ली कोणी करत नाही, कारण सोडलेलं जनावर हायवे ओलांडेपर्यंत जिवंत राहायला पाहिजे.

झेंडीवाल्याला विचारलं, गाड्या थांबवशील का? डोकं खाजवून म्हणाला, "रविवारी वर्दळ कमी असते. खड्डा बुजवायचा आहे म्हणून थांबवीन. पण आजी, गाईला सांगा, रमतगमत जायचं नाही."

गावभर सांगून आले. रविवारी या. कुंपणवाल्याच्या फाटकात जाऊन मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "तूही ये. तुझ्यासाठीच आहे."

तो म्हणाला, "काकू, विचार करा. एकदा दार उघडलं की लावता येणार नाही."

घाबरला.

ता. २१, शुक्रवार

घरात वादळ. पोरगा कधी आवाज चढवत नाही, आज चढवला. "एका गाईसाठी रस्ता अडवणार? माणसं मरतील. गाय बिथरली तर? शेजाऱ्याशी जन्माचं वैर घेशील, मला रोज तोंड दाखवायचंय त्याला."

"तुझ्या बांधात तार ओढली तेव्हा त्याने दाखवलं का तोंड?"

"तार गेली खड्ड्यात," म्हणाला. स्वतःच्या बांधाबद्दल असं बोलला. वर्षभर त्या तारेपायी झोपला नव्हता हा.

सून भाजी चिरत होती. "आई, मला एक सांगायचंय," म्हणाली. पोराने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "काही नाही, मीठ संपलंय."

मीठ डबाभर आहे. मी बघून आले.

ह्या घरात सध्या कोणी धड बोलत नाही. काहीतरी माझ्या मागे चाललंय असं वाटतं. मागे वळून बघितलं तर भिंत.

ता. २३, रविवार

लिहायला बसले आणि दोनदा उठले. आता लिहून टाकते.

झेंडीवाल्याने दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या. हॉर्नचा गोंगाट झाला. मग एका ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बघत उभा राहिला, म्हणून दुसऱ्याने केलं. एवढा मोठा रस्ता गप्प झालेला मी कितीतरी वर्षांनी ऐकला. मी कोंडवाड्याचं दार उघडलं.

गाय लगेच निघाली नाही. आधी बाहेर बघितलं, मग हवा हुंगली. मग चालायला लागली, ती कुठे वळू, कुठे जाऊ असं काही नाही. कामावरून सुटलेलं माणूस घरी जातं तशी. दुभाजकाच्या फटीतून पलीकडे. मी तिच्या मागे, माझ्या मागे सगळा गाव.

कुंपणवाल्याने फाटक सताड उघडून ठेवलं होतं आणि स्वतः बाजूला उभा होता. मी चालीचा वेग वाढवला. गाय त्याच्या फाटकासमोरून गेली. मानसुद्धा वळवली नाही.

पुढे फाटक एकच.

ते बंद होतं. पोरगा आतून दांडीवर हात ठेवून उभा होता. गाईने त्या दांडीवर हनुवटी टेकवली, त्याच्या हाताशेजारी, आणि हंबरली. आतून दोन-तीन जणींनी ओ दिली. पोरगा हलला नाही. माझ्या मागून सून आली, तिने कडी काढली.

गाय औषधाच्या पाण्यातून गेली, रांगेत चौथ्या जागी रिकामं होतं तिथे उभी राहिली आणि तिने गव्हाणीत तोंड घातलं. गव्हाण रिकामी होती. तरी ती चाटत राहिली.

मी आत गेले. बूट घातले नाहीत. कोणी अडवलं नाही.

मला वाटलं, कोणीतरी हसेल. मी असते तर हसले असते. कोणी हसलं नाही. सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं हे मला त्यांच्या न हसण्यावरून कळलं. कुंपणवाला जवळ येऊन म्हणाला, "काकू, उन्हात उभ्या राहू नका." तो टोमणा मारता तर बरं झालं असतं.

मागे रस्त्यावर गाड्या सुरू झाल्या.

ता. २४, सोमवार

काल दिवसभर पोराशी बोलले नाही. आज तोच येऊन समोर बसला. सून दाराशी.

म्हणाला, "आटली होती. गाभण राहत नव्हती. सगळे सोडतात, आई. दोन-चार दिवस रस्त्यावर बसेल आणि येईल, असं वाटलं."

"आणि मग?"

"मग आवाज झाला. मी पळत आलो तर तू."

"कान कधी कापलास?"

तो प्लास्टरकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "त्याच दिवशी. तुला पलंगावर बसवून आलो. ती पुढे झाडाखाली उभी होती. बिल्ला निघेना. नंतर टेम्पोतून लांब सोडून आलो होतो. चालत परत आली."

म्हणजे मला वेदनांनी काही सुचत नव्हतं तेव्हा हा त्या जनावराचा कान धरून उभा होता.  बोलले असते तर फार बोलले असते.

मग त्याने खरं काम काढलं. "उद्या साहेब येणार. सगळं आता गावाला माहीत झालंय, लपणार नाही. पण माझ्यावर आलं तर डेअरीवाले माझं दूध बंद करतील, बिल्ला काढला म्हणून वेगळी केस होईल. तू म्हण ना आई, फाटक माझ्याकडून उघडं राहिलं. म्हातारपणी विसरायला होतं. तुला कोण काय करणार आहे? नर्सबाईही सुटेल."

हुशार आहे. सगळे सुटतात ह्यात. नर्सबाई सुटते, तो सुटतो, गायही सुटते. मी लहानपणापासून त्याचं सगळं पाठीशी घातलंय. त्याने काच फोडली की मी म्हणायचे, माझा हात लागला. मागायलाही त्याला अवघड गेलं नाही, इतकी सवय आहे त्याला. आणि खरं लिहायचं तर माझ्या तोंडात हो आलं होतं. आलं तसं गिळलं.

सून म्हणाली, "आई नकोत. मी म्हणते माझ्याकडून राहिलं."

त्याने तिच्याकडे असं बघितलं की कळलं, तेही त्याला चालण्यासारखं होतं.

तिथे माझं ठरलं. उठून गोठ्यात गेले. गाईच्या कानाला मलम लावलं, ते तिला आवडलं नाही, पायावर पाय दिला माझ्या. कारकुनाकडे गेले आणि सांगितलं, गाय आमची आहे, तसं तुझ्या कागदावर घे. घरी आले, पाणी प्यायले, पोराला समोर बसवलं आणि काय सांगितलं ते शब्द न शब्द लिहिते, म्हणजे उद्या कोणी बदलायला नको.

"दूध बंद झालं तर बंद होईल. मी तीन गाईंवर तुला वाढवलंय, परत तीनवर येऊ. उद्या सकाळी धुतलेला शर्ट घाल. दवाखान्यात तू चालत यायचं, गाडी काढायची नाही. नर्सबाईच्या पलंगाशी उभं राहायचं, तिचा पाय दिसेल असं. साहेब विचारतील, गाय कोणाची, रस्त्यावर सोडली कोणी, कान कापला कोणी. तुझी बायको तोंड उघडणार नाही. मी शेजारी बसेन, पण माझ्याकडे बघायचं नाही, मी ओ देणार नाही. तिन्ही प्रश्नांना उत्तर तूच द्यायचं."